पाकिटावरचं नाव

सातव्या दिवशी पट्टी काढायची, काढल्याबरोबर त्या मुलाच्या नावाच्या पाकिटात घालायची आणि पाकीट थंड पेटीत ठेवायचं, एवढंच काम होतं. कुपटखेडात ते नितेश खंडारेकडे आलं, कारण चोवीस तास चालू असलेली थंड पेटी गावातल्या एकाच सरकारी जागेत होती, जनावरांच्या दवाखान्यात. एरवी तिच्यात लाळ्या-खुरकताच्या लसी असत. नितेश तिथला परिचर. बुजलेली म्हैस धरून ठेवणं, जखमा धुणं, कानात बिल्ले मारणं यात त्याची बारा वर्षं गेली होती. हात हलका होता. त्यामुळे त्या शनिवारी गावातल्या सरकारी नोकरांची चौदा मुलं एकामागून एक त्याच्यापुढे दंड उघडा करून उभी राहिली आणि एकही रडलं नाही.

योजनेचं नाव होतं बालछत्र. शाळेतले शिपाई, पाणीपुरवठ्याचे कामगार, दवाखान्यातले परिचर अशा कमी पगाराच्या सरकारी नोकरांच्या मुलांसाठी आरोग्य विमा. हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरणार, उरलेला पगारातून कापला जाणार. अट एकच, दरवर्षी मुलाच्या दंडावर सात दिवस पट्टी लावायची.

पट्टी दिसायला साधी, रुपयाच्या नाण्याएवढी. आतल्या बाजूला केसाहून बारीक शेकडो सुया. त्या कातडीत इतक्याच शिरत की रक्त यायचं नाही आणि टोचल्याचंही कळायचं नाही. कातडीखालच्या पाण्यात त्या मूत्रपिंडाची खबर शोधत. मूत्रपिंड म्हणजे शरीराची गाळणी. ती निम्मी खराब होईपर्यंत नेहमीच्या रक्ततपासणीत काहीच दिसत नाही, कारण उरलेली निम्मी दुप्पट राबून सगळं निभावून नेते. मात्र राबून राबून त्रासलेल्या पेशी एक विशिष्ट प्रथिन सोडतात, अगदी कणभर. पट्टीच्या मधला पिवळा ठिपका त्या प्रथिनामुळे जांभळा होई. जो आजार आजवर माणूस अंथरुणाला खिळल्यावर कळायचा, तो आता दोन-तीन वर्षं आधी कळू लागला होता.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या गावाला हे फार मोठं होतं. कुपटखेडच्या विहिरींचं पाणी पिढ्यान्पिढ्या खारट. नितेशचे वडील मूत्रपिंडानंच गेले. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायला जिल्ह्याला जायचं, असं दीड वर्ष चाललं. त्यांचा विमा होता, पण खासगी कंपनीनं ‘आजार आधीपासूनचा होता’ असं एका ओळीत कळवून हात वर केले होते. तो कागद नितेशनं फाडला नव्हता. कपाटात कपड्यांच्या खाली अजून होता.

रांगेतल्या शेवटच्या दोघी म्हणजे त्याची स्वतःची मुलगी कावेरी आणि शेजारची प्रांजल. दोघी नऊ वर्षांच्या, एका वर्गात, एका बाकावर. प्रांजलची आई शुभांगी अढाऊ त्याच दवाखान्यात परिचर होती. तिचा नवरा दवाखान्यात नितेशच्या जोडीला कामाला होता. चार वर्षांपूर्वी अपघातात गेला आणि शुभांगीला त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर घेतलं. सिरिंज कशी उकळायची इथपासून सगळं तिला नितेशनं शिकवलं होतं. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये दोन्ही घरांची भिंत एकच होती.

“नितेशभाऊ, प्रांजलची पट्टी काढून घेजा तुम्ही,” ती म्हणाली होती. “मी खालच्या वाडीवर लसीले चालली. तुमच्या हाती हाय म्हणल्यावर मले पाहाचं काम नाही.”

त्यानं प्रांजलची पट्टी काढली. ठिपका फिकट पिवळा, जसा लावताना होता तसाच. मुली उड्या मारत पळणार, तेवढ्यात तो म्हणाला, “थांब व कावेरी, तुझी राहिली.”

कावेरीचा ठिपका पिकलेल्या जांभळासारखा झाला होता.

त्यानं मुलींना बाहेर पाठवलं. दोन्ही पट्ट्या स्टीलच्या तबकात शेजारी शेजारी पडल्या होत्या. अलीकडे सकाळी कावेरीच्या पापण्या सुजलेल्या असत. रोशनी, त्याची बायको, म्हणायची की पोरगी उशिरापर्यंत मोबाइल पाहते. वडिलांच्याही पापण्या अशाच सुजायच्या, हे त्याला तेव्हाही आठवलं होतं आणि त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

आठवड्यापूर्वी पंचायत समितीच्या बैठकीत एक बाबू चहा पिता पिता सांगत होता, “जांभळी पट्टी निघाली का नाव कट. विमावाले काय येडे हायत का? आजारी पोरगं कोन घेते?” कुणी त्याला खोटं म्हटलं नाही. योजनेची चाळीस पानांची पुस्तिका प्रत्येकाला मिळाली होती. नितेशची तबकाखाली पडून होती, अजून न उघडलेली.

पहिलंच वर्ष होतं. पट्टीवर मुलाचं नाव नव्हतं. नाव होतं ते फक्त पाकिटावर.

नंतर त्यानं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की त्या क्षणी काही सुचत नव्हतं, हात आपोआप चालले. ते खरं नव्हतं. त्यानं दार लोटून घेतलं होतं. जांभळी पट्टी प्रांजल अढाऊच्या पाकिटात घातली, पिवळी कावेरी खंडारेच्या. दोन्ही पाकिटांवर सही केली. मग साबणानं हात धुतले आणि बाहेर येऊन मुलींना पैसे देऊन कुल्फी खायला पाठवलं. दोघींना.

तीन आठवड्यांनी निकाल आला. शुभांगी मोबाइल हातात घेऊन दवाखान्यात आली ती खुर्ची न बघताच बसली.

“भाऊ, प्रांजलच्या नावापुढं लाल खूण आली. जिल्ह्याले बोलावलं.”

आता नाव कापल्याचं पत्र येईल, म्हणून नितेश रोज टपालाकडे बघू लागला. पत्र आलं नाही. आली ती जिल्हा रुग्णालयाची गाडी. दोन माणसांनी शुभांगीच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. परिचारिकेनं औषधाच्या गोळ्या दिल्या, मीठ किती, डाळ किती हे चित्रं काढून समजावलं. दर महिन्याला तपासणी, गाडीभाडं योजनेचं. आणि शुभांगीच्या पगारातून कापला जाणारा हप्ता बंद झाला, तोही आता सरकार भरणार होतं.

त्या संध्याकाळी नितेशनं पुस्तिका उघडली. अकराव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. ठिपका जांभळा आलेल्या मुलाचं नाव कोणत्याही कारणानं वगळता येणार नाही, त्याच्यावर लगेच उपचार सुरू होतील. योजना त्या मुलांसाठीच काढली होती. ज्यांची पट्टी पिवळी, त्यांना फक्त पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणार होते.

त्यानं ते पान तीनदा वाचलं. त्याच वेळी उठून शेजारच्या दारावर थाप मारायची होती. भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. तो उठला, चपला घातल्या, अंगणात आला. शुभांगी दारातच भांडी घासत होती. त्याला बघून म्हणाली, “तुम्ही होते म्हणून येळेवर कळलं, भाऊ. नाही तं मले कोनं सांगतलं असतं?”

तो काहीतरी पुटपुटला आणि बैलाला बघायला जायचंय म्हणून निघून गेला. बैल वगैरे काही नव्हता.

मग दिवस जाऊ लागले तसं सांगणं अवघड होत गेलं. पहिल्या दिवशी चूक सांगायची होती. महिन्याभरानं चूक आणि महिन्याभराचं गप्प राहणं, दोन्ही सांगायचं होतं. कावेरीला गुपचूप खासगी दवाखान्यात नेऊन त्यानं रक्त तपासून आणलं. सगळं व्यवस्थित आलं. ते व्यवस्थितच येणार, हे त्याला पुस्तिकेतून आता ठाऊक होतं. पट्टी तर बाजारात मिळत नव्हती.

प्रांजल खो-खोत तालुक्याला खेळलेली मुलगी. डॉक्टरांनी तिला पळायची मनाई केली. शाळा सुटल्यावर ती मैदानाच्या कडेला दप्तर मांडीवर घेऊन बसे आणि गुण मोजे. रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्यांनी मूत्रपिंडावरचा ताण कमी होतो, पण जिला ताणच नाही तिचा रक्तदाबही त्या उतरवतच होत्या. प्रांजल सकाळी उठली की भिंत धरून चाले. “डोकं गरगरते, काका,” ती नितेशला म्हणाली, आणि तो “होते बेटा सुरुवातीले, जाईन” असं म्हणाला. हे वाक्य आपण म्हणालो, याचं त्याला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

एक दिवस रोशनी ताट वाढता वाढता म्हणाली, “तुमची लेक आजपासून अळणी खाते म्हणते.”

“काहून?”

“प्रांजलले अळणी खावं लागते ना,” कावेरी म्हणाली. “तिले एकटीले बेकार लागते. डब्यात दोघी सारखंच नेऊ. आणि शुभामावशी म्हणते, रोज एक कॅन पाणी आमच्याकडूनच नेत जा, तुम्हीही तेच खारं पाणी पेता.”

नितेशचा घास तोंडात तसाच राहिला. आपल्या मुलीला जे पथ्य, जे पाणी मिळायला हवं होतं, ते दुसऱ्याच्या घरून, भलेपणानं, तिच्यापर्यंत पोहोचत होतं. फक्त गोळ्या पोहोचत नव्हत्या. त्यानं एकदा प्रांजलच्या गोळ्यांतल्या दोन मागून घ्याव्यात का, असाही विचार केला होता. त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की जेवण टाकून तो हात धुवायला उठला.

तिसऱ्या महिन्यात प्रांजल शाळेच्या पायऱ्यांवरून घेरी येऊन पडली. हनुवटीला चार टाके पडले. तपासणीची तारीख दोन दिवसांवर होतीच. शुभांगी म्हणाली, “भाऊ, तुम्ही चाला सोबत. डॉक्टरीणबाई काय म्हणते ते मले एकटीले समजत नाही.” तो सुट्टी टाकून गेला.

जिल्हा रुग्णालयातल्या डॉ. अस्मिता नागे वयानं लहान होत्या. समोरच्या पडद्यावर आकडे वर-खाली करून बघत होत्या. मागच्या महिन्याच्या तपासणीत त्यांनी प्रांजलच्या दंडावर नवी पट्टी लावली होती, तिचा निकाल समोर होता. प्रांजलला त्यांनी बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

“ताई, ही पट्टी अगदी स्वच्छ आहे,” त्या शुभांगीला म्हणाल्या.

“मंजे बरं झालं?” शुभांगीचा चेहरा उजळला.

“नाही, तेच कळत नाही. पहिल्या पट्टीत जेवढं प्रथिन होतं, तेवढं तीन महिन्यांत शून्यावर येऊच शकत नाही. औषधानं ते कमी होतं, पुसलं जात नाही. याचा अर्थ एकच निघतो, पहिली पट्टी सदोष होती. प्रांजल कधी आजारी नव्हतीच.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आनंदाची गोष्ट आहे तुमच्यासाठी. पण त्याच खेपेच्या पट्ट्यांवरून मी या जिल्ह्यात दोनशे दहा मुलांना औषधं देतेय. एक चुकली तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवू? आज वर कळवते. सगळ्यांची औषधं थांबवावी लागतील. नवी खेप तपासून यायला सहा महिने तरी जातील.”

शुभांगीनं हात जोडले, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नितेश भिंतीकडे बघत होता. दोनशे दहा मुलं. त्यांच्यातल्या कुणाची पट्टी कुणी बदलली नव्हती. त्यांचा जांभळा रंग खरा होता, आणि सहा महिने त्यांच्या गोळ्या बंद राहणार होत्या.

“पट्टी बरोबर हाय, मॅडम,” तो म्हणाला.

“काय?”

“पट्टी खराब नव्हती. ती माझ्या पोरीची होती. पाकिटं मी बदलली.”

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. शुभांगी अजून हात जोडूनच बसली होती. तिनं ते हळूहळू खाली घेतले.

“मुद्दाम?” डॉक्टरांनी विचारलं.

“मुद्दाम. जांभळी निघाली तं नाव कापतात, असं आयकलं होतं. माझ्या बापाचं तसंच झालं होतं. कावेरीचं नाव कटंन म्हणून...”

शुभांगी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

“नाव कापतात असं तुम्हाले वाटलं.”

“हो.”

“खरंच वाटलं?”

“हो, शुभांगी.”

“मंग माझ्या पोरीचं कटलं असतं.”

या एका गोष्टीकडे नितेशनं तीन महिन्यांत एकदाही सरळ बघितलं नव्हतं. औषधं, घेरी, मैदानाच्या कडेला बसणं, या सगळ्याला तो चुकून झालेलं म्हणू शकत होता, त्याला कुठं ठाऊक होतं! पण तबकापुढे उभा असताना त्याला जे ठाऊक होतं, निदान वाटत होतं, ते हेच होतं. एका मुलीचं छत्र जाणार. ती बाप नसलेली असू दे, असं त्यानं ठरवलं होतं.

“हो,” तो म्हणाला.

शुभांगी उठली. बाहेर जाऊन तिनं प्रांजलला बाकावरून उचललं, एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर घेतलं आणि जिन्याकडे चालू लागली. प्रांजल आईच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, “मम्मी, काका राहिले ना.” शुभांगी थांबली नाही.

डॉक्टरांनी त्याचा जबाब लिहून घेतला. दुपारच्या एसटीसाठी मायलेकी स्टँडवर असतील, म्हणून तो तिकडे न जाता संध्याकाळपर्यंत रुग्णालयाच्या आवारात बसून राहिला. निघताना त्यानं डॉ. नागेंना विचारलं, “आता माझ्यापायी कावेरीचं नाव कापतील काय?”

त्या चिडल्या. “तुमच्यावर काय व्हायचं ते होईल. पण विमा मुलीचा आहे, खंडारे, तुमचा नाही. उद्या तिला घेऊन या.”

कावेरीच्या नव्या पट्टीवरचा ठिपका पहिल्याहून गडद निघाला. डॉक्टरांनी लपवून ठेवलं नाही. जे झिजलं ते परत येणार नाही, पण अजून वेळ आहे. उपचार नीट झाले तर तिला मशीनवर जावं लागणार नाही. तीन महिने आधी सुरुवात झाली असती तर आणखी बरं झालं असतं, एवढं बोलून त्यांनी कागद पुढे केला. पाण्याचं यंत्र नितेशच्याही स्वयंपाकघरात आलं. बसवायला तीच दोन माणसं होती.

चौकशी झाली. शुभांगीला बोलावलं तेव्हा तिनं जे घडलं तेवढंच सांगितलं, त्यात एक शब्दही वाढवला नाही. नितेश चार महिने निलंबित होता, मग वेतनवाढ रोखून त्याला पुन्हा घेतलं, पण थंड पेटीची किल्ली काढून घेतली. त्यापेक्षा जड होतं ते घरात. रोशनीनं आरडाओरडा केला नाही. ती शुभांगीच्या दारापर्यंत गेली, कडी वाजवली, आणि दार उघडायच्या आत परत आली. “काय तोंडानं उभी राहू?” एवढंच म्हणाली. तेव्हापासून शुभांगी नळावर दिसली की ती भरलेली घागर तशीच ठेवून आत येई. प्रांजल पुन्हा मैदानावर पळू लागली होती. तिच्या ‘खो’च्या आरोळ्या क्वार्टरपर्यंत ऐकू येत.

कावेरीला कुणीच काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या तपासणीला जाताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. बराच वेळ बाहेर बघून झाल्यावर म्हणाली, “बाबा, प्रांजल दुसऱ्या बाकावर बसते आता. मी काय केलं तिले?”

“तू काही नाही केलं.”

“मंग?”

दर्यापूरचा फाटा मागे पडला. नितेशनं सगळं सांगितलं. तबक, दोन पट्ट्या, लोटलेलं दार. शब्द सोपे वापरले पण एकही गाळला नाही. गोळ्या कुणाच्या होत्या आणि कुणी खाल्ल्या, ते सांगितलं. प्रांजल पायऱ्यांवरून का पडली, ते सांगितलं. कावेरी ऐकत होती. तिच्या पापण्या अजून थोड्या सुजलेल्या होत्या. पुढच्या थांब्यावर तीन आसनं मागची जागा रिकामी झाली, तेव्हा ती उठली, दप्तर घेतलं आणि तिथं जाऊन बसली. नितेशनं तिकीट खिशातून काढलं, परत ठेवलं. मागे वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही.

रुग्णालयात ती त्याच्यापासून पाच-सहा पावलं अंतर ठेवून चालली. खिडकीवरच्या परिचारिकेनं नाव विचारलं, तिनं सांगितलं. वय विचारलं, तेही सांगितलं.

“सोबत मोठं कोणी आलंय का गं?”

कावेरीनं वळून बापाकडे बघितलं. नितेश खांबाशी उभा होता. या मुलीनं आता “कोणी नाही” म्हणावं, असं त्याला मनापासून वाटलं. तसं ती म्हणाली असती तर त्याला ते झेपलं असतं.

“हो,” कावेरी म्हणाली, “माझे बाबा आहेत,” आणि सहीसाठी पुढे यायला तिनं त्याला हातानं खुणावलं.